एक दिवस कमी

अनुभवाच्या दाखल्याच्या तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "सव्वीस तारखेस मध्यान्होत्तर रुजू." ती ओळ मी साहेबांच्या टेबलासमोर उभ्या उभ्याच दोनदा वाचली.

हे साहेब म्हणजे रोह्याच्या आमच्या ट्रस्टच्या इस्पितळाचे प्रमुख. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आले होते आणि येताना सरकार सगळं बरोबर घेऊन आले होते. शाईच्या दोन बाटल्या, तीन रंगांच्या फायली, आणि कुणी रुजू झालं की ते मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहून घ्यायची शिस्त. बारा वाजायच्या आत सही केली तर तो दिवस नोकरीत धरायचा. बारानंतर केली तर नोकरी दुसऱ्या दिवसापासून. मी सही केली होती दुपारी पावणेदोनला. म्हणजे माझी नोकरी सत्तावीस तारखेपासून सुरू, आणि वर्ष पुरं होणार यंदाच्या सव्वीसला.

माझ्या अर्जाची शेवटची तारीख होती पंचवीस. आणि त्या दिवशी चोवीस तारीख होती, दुपारचे चार वाजले होते.

मी डोळ्यांची डॉक्टर. पदवीनंतरचं शिक्षण वर्षापूर्वीच संपलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या नेत्र रुग्णालयात कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कामाची फेलोशिप होती. दर दोन वर्षांनी एकच जागा. त्या शिक्षणानंतर एक वर्षाचा पूर्ण अनुभव हवा, तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी मोजणार, आणि अर्ज त्या दिवशी चारच्या आत त्यांच्या खिडकीवर पोचायला हवा. वयाची अटही होती. पुढची जाहिरात येईपर्यंत मी त्या अटीच्या बाहेर जाणार होते. पहिली संधी होती आणि तीच शेवटची.

ती मला कशासाठी हवी होती, तेही सांगते. खाडीकाठच्या गावांतून माणसं यायची. भात झोडताना डोळ्यात कुसळ गेलेलं, मग कुणी दूध घातलेलं, कुणी मध घातलेला, आणि महिनाभरानं बुबुळावर पांढरं फूल घेऊन माझ्यासमोर. मी थेंब द्यायचे आणि मुंबईला जा म्हणून चिठ्ठी लिहायचे. ते चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवायचे आणि घरी जायचे. वर्षभर मी चिठ्ठ्या लिहिल्या. एकही माणूस मुंबईला गेला नाही. मला चिठ्ठी लिहिणारी डॉक्टर म्हणून म्हातारं व्हायचं नव्हतं.

"साहेब, एका दिवसाचाच प्रश्न आहे," मी म्हटलं.

"प्रश्न एका दिवसाचा नाही डॉक्टर, कागदाचा आहे," ते म्हणाले. "रुजू अहवालात खाडाखोड होणार नाही. ती सही तुमचीच आहे ना?"

सही माझीच होती. बाहेर येऊन मी एस.टी.डी. बूथवरून मुंबईला फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "एक दिवस कमी म्हणजे कमीच. अपुरा अर्ज आम्ही पुढे पाठवत नाही." हातातोंडाशी आलेला घास गेला, असं आपण सहज म्हणतो. तो जाताना कसा जातो, ते मला त्या बूथवर कळलं.

आता ती सही दुपारी का झाली? माझ्या आईमुळे.

रुजू व्हायच्या दिवशी अमावास्या होती. आई तिला अवस म्हणते. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, आणि तेव्हापासून माझ्या आयुष्यातलं काहीही बिघडू नये म्हणून आईनं पंचांगाशी पक्का करार केला होता. अवस दुपारी दीड वाजता संपत होती. "त्याच्या आधी सही नाय करायची," तिनं आदल्या दिवशी बजावलं. मी चिडले, पण नवी नोकरी, कशाला वाद. त्यातून मी लबाडी करून आधीच सही करीन अशी तिला खात्री होती, म्हणून ती पेणहून माझ्याबरोबर रोह्याला आली आणि इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर भाकरीचा डबा मांडीवर घेऊन पहाऱ्याला बसली. दीड वाजून गेल्यावर मला तिनं आत सोडलं.

पेणला परतणाऱ्या एस.टी.त बसून मी हे सगळं पुन्हा पुन्हा आठवत होते आणि तापत होते. नागोठणं येईस्तोवर साहेबांवरचा राग संपला होता. कागदावर किती रागावणार? राग सगळा आईकडे वळला होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायची माझी जुनी खोड आहे.

घरी पोचले तेव्हा आई ओटीवर पापड लाटत होती. पेणला उन्हाळ्यात घराघरांत पोह्याचे पापड असतात, आमच्याकडेही होते. सुपावर, खाटेवर, जुन्या साड्यांवर पसरलेले. मी चपलाही काढल्या नाहीत. दाखला तिच्या पोळपाटावर टाकला आणि बोलत सुटले. काय काय बोलले ते सगळं लिहायची मला आज लाज वाटते. एक वाक्य मात्र लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "तुझ्या अवशीनं आधी बाबांना नाही वाचवलं, आणि आता माझं वर्ष खाल्लं."

आईनं लाटणं खाली ठेवलं. पिठाच्या हातांनी तिनं तो कागद उचलला, झटकला, आणि पदराला हात पुसून माझ्याकडे दिला. म्हणाली, "जेवून घे." बस, एवढंच. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी जेवले नाही. आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. बाहेर ती पापड गोळा करत असल्याचे आवाज येत होते, मग तेही थांबले.

थोड्या वेळानं ती दारात आली.

"अगो, ती चुन्याची बाई आठवते तुला?"

"कोण चुन्याची बाई?"

"लग्नघर होतं त्यांचं. भिंतींना द्यायला चुना भिजवत होती आणि डोळ्यात उडाला. बोंबलत आली होती रिक्षातून."

आठवत होती. चुना डोळ्यात जाणं हे आमच्या कामातलं फार वाईट. मिनिटागणिक आत आत जाळत जातो. माझा नोकरीतला पहिला रुग्ण म्हणून ती बाई मला पक्की आठवत होती. सलाइनच्या बाटल्या लावून अर्धा तास डोळा धुतला होता, पापणी उलटून चुन्याचे कण कापसानं काढले होते. डोळा वाचला होता.

"मग? तिचं काय?"

"तिचं डोकं मी धरलं होतं," आई म्हणाली. "तू धूत होतीस आणि मी धरून बसले होते. माझं लुगडं भिजलं सगळं. मग बाहेर येऊन आपण भाकरी खाल्ली, आणि लुगडं वाळेस्तोवर उन्हात बसलो. सही तू नंतर केलीस."

मी उठून बसले.

माझ्या डोक्यात तो दिवस असा बसला होता: आधी सही, मग रुग्ण. डॉक्टरच्या डोक्यात तसाच बसणार, दुसरा क्रम असतच नाही. पण आई सांगत होती ते खरं होतं. साहेब सकाळपासून ऑपरेशनमध्ये अडकले होते. बाई ओरडत आली, सिस्टर एकट्याच होत्या, आणि नवीन मॅडम बाकावर बसल्यात हे त्यांना माहीत होतं. त्या धावत बाहेर आल्या. मी आईकडे पाहिलं. अमावास्या होती, दीड वाजायला खूप अवकाश होता, आणि आई... आई काय म्हणाली होती?

"तू म्हणालीस, जा," मी हळूच म्हटलं.

"नाय तर काय? बाईचा डोळा जळतोय आणि मी अवस मोजत बसू?" ती म्हणाली. "सही नको करू म्हटलं होतं मी. काम नको करू असं कुठं म्हटलं? त्या सिस्टरनं वहीत लिहून तुझी सही घेतली होती. वेळ घातली असंल तिनं. वही बघ ना ती."

सकाळी पावणेसहाची पहिली एस.टी. आम्ही दोघींनी पकडली. आई येऊ नये असं मला वाटत होतं. पण कालच्या त्या वाक्यानंतर तिला घरी राहा म्हणायची माझी हिंमत नव्हती. पिशवीत भरलेला अर्ज होता, फोटो डकवलेला, सगळं झालेलं, एका दिवसाची जागा सोडून.

सिस्टर आठला आल्या. त्यांचे मिस्टर दुबईला, घर एकटीनं चालवायच्या, त्यामुळे त्यांना कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटायचं नाही. मी सांगितलं, त्यांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढली. "वही हाय मॅडम. मी वही कधी फेकत नाय. पण गेल्या सालच्या सगळ्या एकत्र बांधल्यात."

सामानाच्या खोलीत तीन गठ्ठे होते. एका गठ्ठ्यात पाणी शिरून पानं चिकटली होती. मी तोच आधी सोडला, कारण माझं नशीब मला ठाऊक होतं. पण त्यात पावसाळ्यातल्या वह्या निघाल्या. दुसऱ्या गठ्ठ्यात काही नाही. आठ पस्तीस झाले होते. सव्वादहाची मुंबई गाडी चुकली तर पुढची दुपारची, म्हणजे नसल्यातच जमा. तिसऱ्या गठ्ठ्याची गाठ मला सुटेना, ती सिस्टरनी दातांनी सोडली.

सव्वीस तारीख. पान फिकट झालं होतं, पण अक्षर सिस्टरांचं, टपोरं. "सकाळी १०.५०. स्त्री, उजवा डोळा, चुना. सलाइनने अर्धा तास धुतला. नवीन मॅडम." आणि त्यापुढे माझी सही, घाईत केलेली, शेपूट वर गेलेली.

सही सापडली म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. पण साहेबांच्या खोलीत वही नेऊन ठेवली तेव्हा कळलं की आपण आगीतून निघून फुफाट्यात आलो आहोत.

त्यांनी ती ओळ चष्मा लावून वाचली. चष्मा काढून वाचली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही रुजू होण्याआधी माझ्या इस्पितळात रुग्ण तपासलात."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

"त्या बाईचा डोळा गेला असता, तर जबाबदार कोण? कागदोपत्री त्या वेळी तुम्ही इथल्या कुणीच नव्हता. हे मला वर्षभर माहीत नव्हतं. हे पुराव्यादाखल आणलंत की कबुलीजबाब म्हणून?"

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस. चूक नाही म्हणावं तर नियम मोडलेला, आणि चूक म्हणावी तर दाखला गेला. खुर्चीच्या मागून आईचा आवाज आला. ती दाराशी उभी होती हे मी विसरूनच गेले होते.

"साहेब, तिनं नाय मोडला नियम. ती बाकावर बसली होती गप. मी म्हटलं जा."

साहेबांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"आई हिची. अवस होती म्हणून मीच तिला बसवून ठेवलं, सही दुपारी करायला लावली मी. आणि ती बाई आली तेव्हा मीच पाठवली आत. दोन्ही माझंच हाय. तिला शिक्षा नको."

आयुष्यात ती कधी कुठल्या साहेबासमोर बोलली नव्हती. बोलताना तिनं पदराचं टोक इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, आता हे अमावास्येवरून तिला दोन शब्द सुनावणार. सुनावलेच असते तर मी काय केलं असतं कोण जाणे. कदाचित अर्ज तिथंच फाडला असता.

साहेबांनी वही पुन्हा जवळ ओढली. "त्या बाईला दिसतं का आता?" त्यांनी विचारलं.

"दिसतं," मी म्हटलं. "दोन महिन्यांनी पेढे घेऊन आली होती. तुम्हीही खाल्लात."

ते हसले नाहीत. टाइपरायटर ओढून घेतला आणि स्वतःच टाइप करू लागले, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. क्लार्क यायला अजून अर्धा तास होता आणि मी मनातल्या मनात त्यांची बोटं ढकलत होते. रुजू अहवाल त्यांनी बदलला नाही. जे झालं तेच लिहिलं. सव्वीस तारखेस सकाळी दहा पन्नासला डॉक्टरांनी प्रत्यक्ष काम सुरू केलं, रुजू अहवालावर सही दुपारी केली, नोंदवहीच्या पानाची प्रत सोबत, आणि प्रमुख या नात्यानं मी सेवा कामापासून धरतो. खाली सही, शिक्का. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसरा. पावणेदहा. नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स काढायला दुकान उघडलं नव्हतं. सिस्टर त्या दुकानदाराच्या घरी गेल्या आणि त्याला चहावरून उठवून आणला.

सव्वादहाची गाडी दहा चाळीसला सुटली. कोलाड, मग खांब. प्रत्येक थांब्यावर लग्नाची माणसं चढत होती, पत्र्याच्या ट्रंका, बँडवाल्यांचे ढोल. मी घड्याळ बघत होते. आई खिडकीशी बसून पिशवी पोटाशी धरून होती, जणू तीच अर्ज द्यायला निघाली होती. वडखळच्या आधी गाड्या तटल्या. धरमतरच्या धक्क्यावरून माल घेऊन येणाऱ्या ट्रकांची रांग, आणि त्यातला एक आडवा. चाळीस मिनिटं गेली. मी उठून ड्रायव्हरपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. तो म्हणाला, "ताई, मी काय उडवून नेऊ?"

पेणच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा पाऊण वाजत आला होता. आईला इथं उतरायचं होतं. ती जागेवरून उठली, आणि मग पुन्हा वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागली. मला देण्यासाठी तिनं सकाळी लाडूचा डबा घेतला होता, तो खाली गेला होता. मागे माणसं चढायला थांबली होती. कंडक्टर घंटी मारत होता.

"उतर ना लवकर!" मी ओरडले. "तुझ्यामुळे आधीच..."

वाक्य अर्धंच राहिलं. पण तेवढं पुरे होतं. तिनं डबा न काढताच पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि उतरली. खाली खिडकीशी येऊन वर बघत म्हणाली, "पोचशील ना गो?"

मी घड्याळ बघत होते. गाडी निघाली.

रुग्णालयाच्या खिडकीवर मी पोचले तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती. कालच्या फोनवरच्या बाईच असाव्यात, आवाज तोच. त्यांनी दाखला वाचला, नोंदवहीची प्रत पाहिली, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. ती पाच मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला अर्ज, जागा, काहीच सुचत नव्हतं. एकच दिसत होतं, खिडकीखाली वर केलेलं तोंड. त्या आल्या आणि ठप्पा मारला. तीन सत्तावन्न.

फेलोशिप मिळाली. पत्र पावसाळ्यात आलं. ऑक्टोबरात रुजू व्हायचं होतं, तारीख दिलेली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि पाहिलं तर पितृपक्ष. नवीन काही सुरू करायचं नाही असे ते दिवस. मला त्या दिवशीचं काहीतरी भरून काढायचं होतं. मी म्हटलं, "आई, मी कळवते त्यांना. पितृपक्ष संपल्यावर येते म्हणून."

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा आठ वर्षांची झाले.

"येडी हायस काय? एका दिवसापायी मरता मरता वाचलीस. सकाळीच जाऊन उभी राहा." आणि मग, सुपातला खडा वेचून टाकत, "सही केलीस की वेळ घालून घे त्यांच्याकडून. विसरू नको."

निघताना तिनं हातावर दही घातलं. अवशीवरून तिनं एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. पाच महिने मी माफीचं एक वाक्य मनात घेऊन फिरत होते, आणि रोज वाटायचं, आज बोलू.

रुजू झाले त्या दिवशी दुपारी मी रुग्णालयासमोरच्या बूथवरून पेणला शेजाऱ्यांकडे फोन केला. त्यांनी आईला हाक मारली. ती धावत आली असणार, धाप लागली होती. राहायला खोली कशी, जेवण कसं, काही विचारलं नाही.

"किती वाजले लिहिले?"

"आठ पन्नास."

"सकाळचे?"

"सकाळचे."

"मग बरं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी बाबांवरून जे बोलले ना..."

धाप तेवढी ऐकू येत होती.

"मीटर पळतोय गो," ती म्हणाली. "जेवून घे."